पिन बसली म्हणून काय झालं

“मुंग्यांनी वाचावं म्हणून छापतात की काय हे लोक!”

ही कुरकुर मी अगदी जवळून ऐकली आहे. इतकी जवळून, की कुरकुरणाऱ्याचा श्वास माझ्या पाठीवर लागत होता आणि त्याच्या चष्म्याची काच माझ्या स्टिकरला घासत होती. स्टिकरवरची अक्षरं बारीक होती हे खरं. पण जन्मापासून ती तेवढीच होती.

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे. मोबाइलचा नव्हे हो. त्या सडपातळ मंडळींशी माझं नातं लांबचं. मी विजेवर चालणाऱ्या सायकलच्या बॅटरीचा चार्जर. काळा चौकोनी डबा, एका बाजूला छोटासा पंखा, वर एक दिवा. काम चालू असलं की लाल, संपलं की हिरवा. आज माझा पंखा छान गुणगुणतो आहे. तो माझ्या मालकांनी, उस्तादांनी, दुरुस्त केला, आणि माझ्या पाठीवर नवी चिठ्ठीही त्यांनीच चिकटवली. ‘लिथियम, बेचाळीस व्होल्ट.’ अक्षर मोत्यासारखं आणि चांगलं बारीक. पण मधला काही काळ असा गेला की मी शेल्फावर धूळ खात पडलो होतो, आणि या घरातली माणसं एक साधी गोष्ट तोंडात धरून हिंडत होती. ती कोणी गिळेना आणि कोणी बोलेना.

पहिल्यापासून सांगतो.

कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझी जुळणी झाली. एकीनं आतल्या तारा जोडल्या, एकानं झाकणाचे स्क्रू पिळले, आणि एका कंटाळलेल्या तपासनिसानं मला दिवसभर तापवून पाहिलं. तिथून मी एका सायकलच्या दुकानात आलो. तिथेच मला सिस्टर आणि उस्ताद भेटले.

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्सबाई. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायच्या, टाके पाहायचे, इंजेक्शनं द्यायची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी विजेची सायकल घ्यायचं ठरवलं. उस्ताद म्हणजे त्यांचे यजमान. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. तांदळाएवढ्या सुट्या भागावरचे रंगीत पट्टे नुसत्या डोळ्यांनी वाचून ते त्याची ताकद सांगत, म्हणून सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणे.

दुकानात सिस्टर सायकलचा रंग पाहत होत्या. उस्तादांनी रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि घडाघडा वाचलं. मग बॅटरीच्या पोटावरचं वाचलं.

“काय जुळवताय, पत्रिका?” दुकानदार हसला.

“तेच समजा,” उस्ताद म्हणाले. “ही काय मागते, हा काय देतो आणि दोघांचं एकमत आहे का, हे आधी बघायचं. हिच्यावर छत्तीस लिहिलंय, भरताना हिला बेचाळीस लागतात, आणि हा बरोबर बेचाळीस देतो. दोघंही लिथियमच्या जातीचे. जमलं.”

“आणि पिन?”

“पिन सगळ्यात शेवटी. शेजाऱ्याची चप्पल पायात बसली म्हणून ती आपली होते का?”

मित्रांनो, चार्जर निवडण्याची सगळी विद्या त्या दिवशी मला त्यांच्याच तोंडून समजली. व्होल्ट कमी पडले तर बॅटरी उपाशी राहते. जास्त झाले तर तिला सोसवत नाही, ती तापते आणि पेटूसुद्धा शकते. आतमध्ये राखणदार सर्किट असतं, पण राखणदार आहे म्हणून कोणी दार सताड उघडं टाकून झोपत नाही. अँपिअर म्हणजे भरण्याचा वेग, तोही बॅटरीच्या कंपनीनं सांगितला असेल तेवढाच. आणि जुन्या जड शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला कधी लावू नये. दोघींच्या जेवणाच्या तऱ्हाच निराळ्या.

घरी आल्यावर उस्तादांनी मला खालून वारा लागावा म्हणून लाकडाचे चार पाय करून दिले. माझी जागा ठरली ती दाराजवळच्या फरशीवर, पडद्यापासून आणि गाद्यांपासून लांब. संध्याकाळी सिस्टर दमून आल्या की बॅटरी काढून माझ्यापुढे ठेवत. माझा लाल दिवा लागे आणि त्या पाय पसरून दिवसभराचं सांगत बसत. कोणाला तोंडावर काय काय सुनावलं ते त्यात असेच. “पाय चिघळलाय, उद्याच्या उद्या डॉक्टर गाठा, नाहीतर मी पुन्हा येणार नाही,” असं त्या बिनदिक्कत सांगत. त्यांच्या जिभेला लोक भीत आणि त्यांचीच वाट पाहत.

एकदा त्यांनी ओला एप्रन माझ्यावर वाळत टाकला. उस्ताद केवढ्यांदा ओरडले!

“अगं, त्याला श्वास घेऊ दे! तुझ्या नाकावर टाकू का टॉवेल?”

“टाका. तेवढाच तुमचा आवाज कमी येईल.”

असे आमचे सुखाचे दिवस होते. बॅटरी रोज भरत होती, सायकल पळत होती, आणि शेजारपाजारचे नवी सायकल घेण्याआधी उस्तादांना विचारायला येत होते.

मग हळूहळू काहीतरी बदललं. उस्ताद चहाचा कप टेबलाच्या अगदी काठावर ठेवायला लागले. सुईत दोरा ओवायचा असला की म्हणायचे, “हल्लीच्या सुयांना भोकंच नसतात.” पेपरवाले शाई वाचवतात, बल्बवाले उजेड चोरतात, कंपन्या अक्षरं आवळतात. एकूण सगळं जग त्यांच्याविरुद्ध उठलं होतं. दुरुस्तीला आलेला रेडिओ ते परत पाठवू लागले. “नवीन घ्या, जुन्यात मजा नाही,” असं उस्ताद म्हणायला लागले, तेव्हा खरं तर शेल्फावरच्या प्रत्येक जुन्या वस्तूला कळून चुकलं.

घरातल्यांनाही कळलं होतं. सिस्टरनी खोलीतला बल्ब बदलून दुप्पट उजेडाचा लावला आणि सांगितलं, “जुना गेला होता.” गेला नव्हता. त्यांच्या मुलीनं बाबांच्या फोनमधली अक्षरं गुपचूप मोठी केली. उस्ताद म्हणाले, “बघ, या कंपनीला अक्कल आली.” ज्याचं सगळं आयुष्य नजरेवर चाललं, त्याला ते कोण सांगणार? सिस्टर रोज दहा घरी खरं बोलून यायच्या आणि स्वतःच्या उंबऱ्याच्या आत मुक्या व्हायच्या.

अशातच माझा पंखा थांबला. थोड्याच वेळात मी तापून बंद पडलो.

उस्तादांनी मला उघडलं. (तुम्ही कोणी चार्जर उघडू नका बरं. त्यांचा तो धंदाच होता.) पंख्याची एक तार सुटली होती, एवढंच. पूर्वी हे काम त्यांनी शीळ घालत केलं असतं. त्या दिवशी डाग द्यायच्या सळईचं तापलेलं टोक माझ्या आत नुसतंच भिरभिरत राहिलं. तारेच्या अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे. मग त्यांनी मला पालथं केलं, स्टिकर नाकाशी धरलं आणि ती मुंग्यांची कुरकुर केली. शेवटी झाकण लावून म्हणाले, “याचं आयुष्य संपलं. नवा आणतो.”

“मी येते बरोबर,” सिस्टर म्हणाल्या.

“मला चार्जर घ्यायला सोबत? उद्या रस्ता ओलांडायला हात धरशील.”



संध्याकाळी उस्ताद एक जाडजूड खोका घेऊन आले. “चांगला दमदार आहे. दुकानदार म्हणाला, सगळ्या सायकलींना चालतो.” सगळ्यांना चालतो म्हणणाऱ्या दुकानदाराला एके काळी त्यांनी दुकानाबाहेर उभं राहून धडा शिकवला असता. आता त्यांनी फक्त चाचपून पिन बॅटरीत सरकवली आणि मान डोलावली.

“बसली बघ. पिन बसली म्हणजे झालं.”

मी शेल्फावर होतो. पंखा चालू असता तर त्या क्षणी थांबला असता. सिस्टरनी वाकून नव्या पाहुण्याची पाठ वाचली. साडेचौपन्न व्होल्ट! तो आमच्याहून मोठ्या बॅटरीचा चार्जर होता. उस्तादांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे निघाला होता. सिस्टर दोन ढांगांत मीटरपाशी पोहोचल्या आणि त्यांनी घराचा मेन स्विच खाडकन खाली ओढला.

सगळीकडे अंधार.

“वीज गेली वाटतं,” त्या म्हणाल्या.

भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा मिक्सर घरघरत होता.

“त्यांची कशी नाही गेली?” उस्तादांनी विचारलं.

“त्यांची लाइन वेगळी असेल.”

“एका भिंतीत दोन लाइनी? या घरात रेडिओवाला कोण, तू की मी?”

मुलीला हसू आवरेना, म्हणून ती खोकायला लागली. सिस्टरनी अंधारातच बॅटरीची पिन काढली. “राहू दे आज. उद्या लावू,” म्हणाल्या. मग त्यांनी स्विच वर केला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पायीच कामावर गेल्या आणि मुलगी खोका घेऊन दुकानात गेली. तिनं बॅटरीच्या पोटाचा फोटो नेला होता. लिथियम, बेचाळीस व्होल्ट, माझ्याच जातकुळीचा चार्जर ती घेऊन आली, आणि त्याच कालच्या खोक्यात घालून जागच्या जागी ठेवला. दोघींना वाटलं, मिटलं. कोणाचं मन दुखलं नाही, काही पेटलं नाही.

मित्रांनो, माझी एक विनंती इथेच सांगून टाकतो. चार्जर निवडताना पाठ वाचा. वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याला वाचायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही. बॅटरी बिचारी मुकी, चुकीचं काही टोचलं तरी ती सांगू शकत नाही, नुसती तापत जाते. माणसांना तर तोंड आहे. तरी तीही तशीच तापत बसतात, हे मला या घरात कळलं.

कारण मायलेकी एक गोष्ट विसरल्या होत्या. उस्तादांचे हात.

संध्याकाळी त्यांनी खोका उघडला, चार्जर उचलला आणि तळहातावर तोलला. दुसऱ्या तळहातावर घेऊन पुन्हा तोलला.

“हा तो नाही.”

“तोच आहे, बाबा.”

“काल आणला तो विटेएवढा जड होता. हा साबणाच्या वडीसारखा लागतोय.”

“नवीन वस्तू ठेवून ठेवून हलक्या होतात,” मुलगी म्हणाली.

“का? ओला होता तो? वाळला?”

सिस्टर हातातलं काम टाकून त्यांच्याशेजारी फरशीवर येऊन बसल्या. उस्ताद चार्जरच्या कडांवरून बोट फिरवत राहिले.

“काल वीज गेली नव्हती,” ते म्हणाले.

“नव्हती.”

“किती लिहिलं होतं त्याच्यावर?”

“साडेचौपन्न.”

त्यांचं बोट थांबलं. त्यांनी बॅटरीकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या सायकलकडे. तिच्या दांडीला मलमपट्टीची पिशवी लटकत होती.

“आणि मी बटण दाबणार होतो.” मग जरा रागानंच त्यांनी विचारलं, “तू का नाही बोललीस? जगाला तोंडावर सांगत फिरतेस.”

“जगाशी मी लग्न नाही केलं,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.”

उस्तादांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि डोळ्यांवर परत न लावता सिस्टरच्या हातात दिला.

“मला दिसत नाही गं,” ते म्हणाले. “उद्या हात धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने.”