न पोचलेले चोवीस व्होल्ट

वास पहिल्यांदा मलाच आला. मासळीसारखा, किंचित जळकट.

"निजामपुऱ्यातल्या या शाकाहारी सोसायटीत मासळी?" सासूबाई हसल्या. "वरच्या इलाबेनना कळलं तर आपलंच नाव घेतील. बाळंतिणीचं नाक आहे गं तुझं, राजेश्वरी."

शौर्यची आंघोळ होऊन शेक चालू होता. सासूबाई शेगडीवर तळवे तापवायच्या आणि पाळण्यातल्या त्याच्या पोटावर ठेवायच्या. मला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. फ्लॅटमध्ये निखाऱ्यांचा धूर नको, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मांडवीच्या बाजारातून विजेच्या दोन शेगड्या आणल्या होत्या. एक आम्हाला आणि एक नणंदेला. संयोगिताताईंचं दुसरं बाळंतपण, तेही नुकतंच, डभोईला त्यांच्या घरी झालेलं.

शेगडी ज्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावली होती, त्यावर व्होल्टचे लाल आकडे दिसायचे. २०४. इतके कमी? मी दारापाशी गेले. तिथे मेन बोर्डावर आबांनी हौसेने मीटर बसवलंय. २२८ व्होल्ट, ९ अँपिअर. घरात दुसरं काहीच चालू नव्हतं.

बी.एस्सी.ला फिजिक्स होतं माझं. दारातून निघालेले चोवीस व्होल्ट खोलीत पोचत नव्हते. चोवीस गुणिले नऊ, दोनशे सोळा वॅट. वीज हरवत नाही, वाटेत तिची उष्णता होते. रोज तासभर शेक, म्हणजे पाव युनिटही नाही. कोणीही म्हणेल, त्यात काय. पण दहा-बारा मीटरच्या धड तारेत एवढं जातच नाही. कुठेतरी एखादा जोड सैल होता, आणि जुन्या शंभरच्या दोन बल्बांची धग त्या काडेपेटीएवढ्या जागेत कोंडली होती. भिंतीच्या आत.

"आबा, या खोलीच्या वायरींचा जोड कुठे आहे?"

"पाळण्यामागे," ते पेपरातून मान न काढता म्हणाले. "डबी फार घाण दिसायची. बारशाला फोमचा कागद लावला ना, त्याखाली झाकली."

मी धावत जाऊन शेगडीचं बटण बंद केलं.

"अगं, शेक अर्धा राहिला. वारा धरेल पोटात त्याच्या."

"आई, आधी बाळाला उचला."

"काल गॅसचा वास, परवा खिडकीची जाळी. आज काय?"

मी पाळणाच ओढला, मग दारापाशी जाऊन मेन पाडला. परत येऊन कागदाचं टोक धरून खेचलं. गुलाबी फोम सहज निघेना. मागून वितळून त्याचे दोरे झाले होते. डबीचं झाकण काळं पडून वाकलं होतं, आणि भिंतीवर भाकरीएवढा तपकिरी डाग होता, शौर्यचं डोकं असतं बरोबर त्या उंचीवर. आता तो वास खोलीभर झाला. सासूबाईंनी शौर्यला छातीशी धरलं आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"पण मेन बोर्डावरचा स्विच आपोआप कसा नाही पडला?" आबांनी विचारलं.

"कितीचा आहे तो?"

"सोळा अँपिअरचा. आधी सहाचा होता, शेगडी लावली की थोड्या वेळाने पडायचा. सारखा कोण उठणार? मीच बदलला."

"मग नऊ अँपिअरला तो कशाला पडेल, आबा?"

त्यांनी डागाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला.

"संयोगिताकडेही पडायचा," ते म्हणाले. "रविवारी गेलो तेव्हा तिथलाही बदलून आलो. आणि उरलेला कागद... तिनेच मागितला होता. पाळण्यामागच्या भिंतीला."

डभोईतही शेकाची वेळ हीच. मी फोन लावला. रिंग वाजत राहिली, संपली.

"शेकताना ती फोन बाहेरच्या खोलीत ठेवते," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मीच सांगितलंय तिला, आवाजाने बाळ दचकतं म्हणून."

मी पुन्हा लावला.