मिरचीच्या पथारीलगतचा प्रोसेसर

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. लॅपटॉपचा मेंदू म्हणा हवे तर. दिसायला मी नखाएवढा, पण माझा अभिमान पोत्यात मावणार नाही एवढा होता.

परदेशातल्या एका कारखान्यात आम्ही हजारो भावंडे एकसारखी जन्मलो. जी कंपनी विकत घेईल तिच्या लॅपटॉपमध्ये जाऊन बसायचे, ही आमची रीत. माझा लॅपटॉप दोन घरे फिरून नंदुरबारला रूपालीकडे आला. तिचे वडील दोधूभाऊ मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, राखणदार आहेत. घर पथारीला लागूनच. आई कौसाबाई ब्लाउज शिवतात.

रूपाली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा सगळा अभ्यास मीच ओढला. एकदा तिने आईला सांगितले, की आता लॅपटॉपच्या कंपन्या आपले प्रोसेसर आपणच आखू लागल्या आहेत. कौसाबाई मशीन न थांबवता म्हणाल्या, "बराबर शे. रेडीमेड ब्लाउज समदासले येस, पन नीट कोनलेच बसत नही. माप लिसन शिवेल ते येगळंच."

खरे सांगतो, मला ते झोंबले. म्हणजे आम्ही रेडीमेड!

पुढे तर कहरच झाला. रूपाली स्वतःच एक छोटा प्रोसेसर आखू लागली, तोही माझ्यावरच. एक स्पर्धा होती. त्यात निवड झाली तर आपले प्रोसेसर आपणच आखणाऱ्या एका कंपनीत वर्षभर शिकायला मिळणार होते. आखलेला प्रोसेसर खरा घडवण्याआधी दुसऱ्या तयार प्रोसेसरवर चालवून बघतात. मी त्याचे सोंग घ्यायचे आणि सलग सहा तास त्याचे काम करून दाखवायचे. निकाल शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता.

शुक्रवारी सकाळी चाचणी लावून रूपाली कॉलेजला गेली. बाहेर मिरची उलटणे चालू होते. कौसाबाईंनी लुगड्याची चौपदरी घडी करून लॅपटॉप गच्च झाकला. आमच्याकडे पिठाचा डबा आणि पाण्याचा माठ मिरचीच्या धुळीपासून असेच झाकतात. मी आत उकडून निघालो. पंख्यात आधीच लाल धूळ बसली होती, वरून हवा बंद. चौथ्या तासाला मी विझलो. मला फार लाज वाटली.

रूपाली परतली तेव्हा कौसाबाईंचा चेहरा उतरला. "धूय लागाले नको म्हनीसन झाकं वं माय मी," त्या म्हणाल्या.

दोधूभाऊ म्हणाले, "जुनं व्हई गयं ते. भंगारमा दी टाक."

"नही आबा," रूपाली म्हणाली. "सकाय परत एक डाव दखू."

तिने लॅपटॉपची पाठ उघडली. कौसाबाईंनी शिलाई मशीन साफ करायच्या कुंचल्याने पंख्याची पाती एकेक करून झाडली. तिघांनाही इतक्या शिंका आल्या, की शेजारच्या भुरीबाई डोकावून गेल्या.

शनिवारी दहाला चाचणी पुन्हा लागली. आता चुकलो तर दुसरी वेळ नव्हती. कौसाबाईंनी दारा-खिडक्यांना ओल्या साड्या टांगल्या आणि मला मात्र उघडेच ठेवले. दोधूभाऊंनी मजुरांना पलीकडची मिरची आधी उलटायला लावली. मी रुसवा गिळला आणि कामाला लागलो. अजून जन्मालाही न आलेला तो प्रोसेसर माझ्या अंगात चालत होता, चुकत नव्हता. मला त्याचा हेवा वाटायला हवा होता, पण मला त्याची काळजी वाटत होती. चारला सहा तास पूर्ण झाले. सगळी उत्तरे बरोबर आली.

महिन्याभराने रूपालीची निवड झाल्याचा फोन आला. तिकडे तिला नवा लॅपटॉप मिळणार आहे, त्या कंपनीने स्वतः आखलेल्या प्रोसेसरचा.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना मायेने गुंडाळू नका, मोकळी हवा द्या. अधूनमधून धूळ झाडा. आणि जुना झाला म्हणून कुणाला टाकण्याआधी, त्याच्या हातून काय व्हायचे राहिले आहे तेवढे बघा.

जायच्या दिवशी कौसाबाईंनी विचारले, "मंग हाई जुनं काढी टाकू का?"

रूपाली म्हणाली, "नही माय. मन्हा प्रोसेसर पहिला डाव याना आंगवरच चालना."