कोरा आठवडा

"आठपैकी आठ!" बोका ओरडला आणि मीटिंगच्या खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

बोका म्हणजे आमचा टेस्टिंगवाला. घारे डोळे आणि आवाज न करता मागं येऊन उभं राहायची सवय, म्हणून बोका. तो पडद्यावर निकाल दाखवत होता. सात माणसं आणि आठवा पोपट, म्हणजे आमचं तपासणीचं मशीन, सगळ्यांपुढे हिरवी खूण. कुणीतरी शिट्टीही मारली.

मी टाळी वाजवली नाही. बाटलीचं झाकण उघडत होते, ते बोटातच राहिलं.

"काय हो बाई, आनंद नाही झाला?" साहेब म्हणाले. "तुमची खोडी पहिल्यांदाच सगळ्यांच्या सगळ्यांनी पकडली!"

"साहेब," मी म्हणाले, "या वेळी मी खोडी घातलीच नव्हती."

आता हे खोडी प्रकरण सांगायलाच हवं, नाहीतर बाई काय बडबडतेय असं वाटेल. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवतात ना, त्या पेट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. बाळाच्या पोटावर एक छोटा सेन्सर चिकटवलेला असतो. तो अंगाची उष्णता सांगतो आणि त्याप्रमाणे पेटी हीटर कमीजास्त करते. आता हा कोड निम्म्याहून जास्त मशीनच लिहितं. आमच्या विषयातलं सगळं संशोधन सध्या याच्याचभोवती घुमतंय. कुणी म्हणतं, मशीनच्या चुका मशीननंच दुरुस्त कराव्यात. कुणी म्हणतं, चाचण्याही त्यालाच लिहू द्या. मी विचारते, सगळं तेच करणार तर माणसानं काय माश्या मारायच्या? माणसानं वाचायचं, तपासायचं. पण रोज गुळगुळीत, नीटनेटका कोड वाचून नजर बोथट होते. डोळे पानावरून फिरतात आणि डोकं भलतीकडेच असतं. माझं संशोधन या नजरेवर आहे. मी दर आठवड्याला खऱ्या कोडमध्ये मुद्दाम एक चूक पेरते आणि कोण पकडतं ते मोजते. तिचं नाव ऑफिसनं खोडी ठेवलं आणि माझं खोडीबाई.

खेळाचे नियम मीच केलेले. खोडी दिसली की "पकडली!" असं लिहून ओळीसकट पाठवायचं, वाटलं तर शेराही टाकायचा. दुरुस्त करायची नाही, कारण एकानं दुरुस्त केली तर बाकीच्यांना दिसणार कशी? आपसात बोलायचं नाही. उत्तरं सोमवारपर्यंत बंद, मीसुद्धा बघायची नाहीत, नाहीतर माझाच कल कुठंतरी डोकावेल. शुक्रवारी माझा प्रोग्रॅम माझी खोडी उपटून काढणार आणि मगच नवी आवृत्ती बाहेर जाणार. ती आधी एकाच हॉस्पिटलातल्या चाचणीच्या पेट्यांवर चढते, मग बाकीकडे. आणि अधूनमधून एक आठवडा कोरा. काहीच पेरायचं नाही. लोक उगाच सावल्यांना भितात का, तेही कळायला हवं ना!

गेला आठवडा कोरा होता.

"घातली नव्हती म्हणे!" बोका हसला. "हे मागंही करून झालंय तुमचं. ‘माझी नाही, माझी नाही’ म्हणालात आणि शेवटी तुमचीच निघाली. कोण ठाम राहतो ते बघत होतात. आता आम्ही फसणार नाही, खोडीबाई."

सगळे हसले. कोपऱ्यातली नवी मुलगी तर हात वर करून म्हणाली, "मी ठाम आहे हं, लिहून घ्या!"

"अहो, मुलाबाळांची शपथ घेऊन सांगू का तुम्हाला?" मी ओरडले. "माझी नाही ती! काय पकडलंत तुम्ही? कुठली ओळ? उघड रे मेल्या लवकर!"

माझा चढलेला आवाज त्यांना सवयीचा आहे, पण तो मध्येच फाटला. बोक्याचं हसू गेलं. त्यानं कोड उघडला.

मी वाचलं. परत वाचलं.

सेन्सर बाळाच्या अंगावरून निसटला तर अलार्म वाजलाच पाहिजे, हे आमच्याकडे दगडावरची रेघ आहे. पण नर्सेसची तक्रार होती की बाळ जरा वळलं तरी अलार्म कोकलतो. म्हणून आम्ही मशीनला सांगितलं होतं, फुकटचे अलार्म कमी कर. केले की त्यानं! सेन्सरकडून विचित्र आकडा आला की तो टाकून द्यायचा, शेवटचा चांगला आकडा धरून बसायचं आणि गप्प राहायचं. लंगोट बदलायला पेटी उघडली, बाळ थोडं गार झालं आणि तेवढ्यात सेन्सर निसटला, तर पेटी तोच गार आकडा धरून बसणार. बाळ गारच आहे असं समजून हीटर ओकत राहणार. पडद्यावर सगळं शांत.

आणि हे सगळ्यांना दिसलं होतं. एकानं तर लिहिलं होतं, "बाई, या वेळची फारच सोपी घातलीत." पोपट तर आमचेच शेरे वाचून वाचून शिकलेला. त्यानं लिहिलं होतं, "गंभीर चूक. बहुधा पेरलेली. हात लावू नये." त्याला तरी काय बोलायचं? जे पढवलं तेच तो बोलला.

"शुक्रवारी ही आवृत्ती गेली?" साहेबांनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेली," बोका म्हणाला. "चाचणीच्या पेट्यांवर."

चाचणीच्या पेट्यांवर! त्यातल्याच एका पेटीत माझी भाची होती. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, सातव्याच महिन्यात आली. अजून नावसुद्धा ठेवलेलं नाही, आम्ही तिला चिमणी म्हणतो. आणि ती पेटी कुणी मागून घेतली होती? धाकट्यानं. तोही आमच्याच ऑफिसात. डॉक्टरांच्या मागं लागून लागून त्यानं चिमणीला चाचणीची पेटी मिळवली. का, तर सगळ्यात नवं ते आपल्या पोरीला. बाळ झाल्यापासून तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो आणि तिथूनच काम करतो. मीच म्हणाले होते, कर बाबा, तेवढाच जीव रमेल.

"बोक्या, वॉर्डाला फोन लाव!" मी म्हणाले. "साहेब, तुम्ही डॉक्टरांना. सगळ्या चाचणीच्या पेट्यांतली बाळं बाहेर काढा म्हणावं. आत्ताच्या आत्ता!" आणि मी धाकट्याला फोन लावला.

"बोला ताईसाहेब!" पहिल्या रिंगला त्यानं उचलला. आवाज इतका प्रसन्न, की मला रडूच यायला लागलं. "निकाल लागला ना? पकडली की नाही मी? सगळ्यांच्या आधी पकडली! सेन्सर निसटला की अलार्म बंद. काय गं, इतकी सोपी कुणी घालतं का?"

"धाकट्या, ऐक…"

"नाही, तू आधी कबूल कर. इथं बाकावर बसून, डोळ्याला डोळा लागत नाही तरी पकडली. आहे का नाही भाऊ हुशार?"

"ती माझी नव्हती रे."

"हॅ! परत तेच?"

"आईशपथ धाकट्या, माझी नव्हती! मी काही पेरलंच नव्हतं. ती खरी होती. ती तशीच गेलीय पेटीत. उठ! आत जा! चिमणीला बाहेर काढ!"

पलीकडे लॅपटॉप फरशीवर आपटल्याचा आवाज, आणि चपला, आणि धाकटा ओरडतोय, "सिस्टर! सिस्टर!" फोन चालूच राहिला. मी त्याला कानाला दाबून धरून जिना उतरले, रस्त्यावर आले, हात करकरून रिक्षा थांबवली. ऐकू काहीच येत नव्हतं, पण ठेवायचं धाडस होईना. रिक्षावाल्याला म्हणाले, हाण बाबा. त्यानं माझं तोंड बघितलं आणि हाणली.

वॉर्डात पोचले तर पेटीचं दार सताड उघडं आणि आत कुणी नाही.

"इकडे, ताई," भावजय म्हणाली.

ती खिडकीपाशी उभी होती, भिंतीला टेकून. टेबलावर नर्स आणि डॉक्टर वाकलेले, आणि त्यांच्या हातांच्या मध्ये चिमणी. लालबुंद. माणसाचं पोर इतकं लाल असतं का हो? रडतसुद्धा नव्हती. तोंड उघडायची आणि मिटायची. नर्स ओल्या कापडानं तिचं अंग हळूहळू पुसत होती. सेन्सर पेटीतल्या चादरीला चिकटलेला होता, आणि पेटीच्या पडद्यावर अजून तोच आकडा, जरासा गार, एकदम निवांत. मला तो पडदा फोडावासा वाटला.

धाकटा टेबलाच्या पायाशी खाली बसला होता. फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर त्यानं वर बघितलंही नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एकदम चिमणीनं टाहो फोडला. बारीकच, पण काय गोड वाटला तो! नर्स म्हणाली, "रड बाई, रड, भरपूर रड." भावजय तिथल्या तिथं खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हुंदके देऊ लागली.

डॉक्टर कपाळ पुसत उभे राहिले. "उतरतोय ताप," ते म्हणाले. "आणखी थोडा उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं काही बोलत असतो. आता झटके येत नाहीत ना, एवढं बघायचं. उद्यापर्यंत काही बोलणार नाही मी." बाकी पेट्यांतली बाळंही बाहेर काढली होती. त्यांचे सेन्सर जागच्या जागी होते. म्हणजे निसटला तो नेमका आमच्याच चिमणीचा.

बोक्याचा फोन आला. आवृत्ती सगळ्या चाचणीच्या पेट्यांवरून मागं घेतली, साहेबांनी बाकीच्या हॉस्पिटलांचं थांबवलं, म्हणाला. "बाई, मीसुद्धा लिहिलं होतं, पकडली म्हणून," तो म्हणाला. "स्माइली टाकली होती." मी फोन ठेवला. नियम माझे होते. हात लावू नका, बोलू नका, सोमवारपर्यंत थांबा. माणसाची नजर बोथट होते म्हणून मी बोंबलत होते आणि इथं एकाचीही नजर बोथट नव्हती. बघणाऱ्यांचे हात मी बांधून ठेवले होते, वर त्याचं संशोधन करत होते. कप्पाळ माझं!

नर्सनं चिमणीला साध्या पाळण्यात ठेवलं आणि भावजयीला खुर्ची दिली. भावजय शिकवण्या घेते, कॉम्प्युटरमधलं तिला काही कळत नाही आणि तिनं कधी विचारलंही नाही. नवरा आणि नणंद एकाच ठिकाणी कामाला आहेत, हुशार आहेत, बाळांच्या पेट्या करतात, एवढं तिला पुरत होतं. नातेवाइकांना अभिमानानं सांगायची.

चिमणीच्या मुठीत आपलं बोट देऊन ती बसून राहिली. मग डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. खरंच समजून घ्यायचं म्हणून.

"ताई," तिनं विचारलं, "एवढी माणसं आहात तुम्ही तिथं. हे एकालाही दिसलं नाही?"

मी काही सांगायच्या आत खाली बसलेला धाकटा बोलला.

"सगळ्यांना दिसलं."

भावजयीनं त्याच्याकडे मान वळवली.

"मला सगळ्यात आधी दिसलं," तो म्हणाला. "इथंच, बाहेर, बाकावर. मी तिला दाखवायला म्हणून…" त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि त्याला पुढं बोलवेना.

भावजय त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. चिमणीच्या मुठीतलं बोट तिनं काढलं नाही.

"मग?" ती म्हणाली.