धर्ममातेची बाटली

मी एक जुना पंखा आहे. छताचा नव्हे. मित्रांनो, मी लढाऊ विमानाच्या नाकावर फिरणारा लाकडी पंखा होतो. सध्या माझ्या पोटात घड्याळ बसवले आहे आणि मी चिलीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका हवाई तळावर, अधिकाऱ्यांच्या जेवणघरात, दारूच्या कपाटावर लटकतो. मला एकच पाते आहे. ही गोष्ट दुसऱ्या पात्याची.

माझा जन्म अक्रोडाच्या फळ्यांतून झाला. फळीवर फळी चिकटवून, तासून, घासून मला इतके गुळगुळीत केले की सुतार म्हणाला, "माशी बसली तर घसरून पडेल." माझ्या आयुष्यातले हे एकमेव कौतुक. मी ते अजून पुरवून पुरवून वापरतो.

मग मला एकावर एक दोन पंख असलेल्या एका विमानाला जोडले. आमच्या तळावर बाप्तिस्मा झाल्याशिवाय विमान उडवत नसत. पाद्री पाणी शिंपडत आणि विमानाची धर्ममाता त्याच्या नाकावर शॅम्पेनची बाटली फोडत असे. नाक म्हणजे मी. धर्ममाता म्हणजे नेहमी कर्नल उर्रुतियांच्या पत्नी, डोन्या क्लोतिल्दे. दिसायला नाजूक, पण हात लोहाराचा.

पहिल्या ठोक्याला बाटली फुटली नाही. दुसऱ्यालाही नाही. बँडवाल्यांनी तीच धून पुन्हा पहिल्यापासून धरली.

"अगं, जरा जोरात!" कर्नल हसत म्हणाले.

"जोरात म्हणजे? मी काय कुरवाळतेय त्याला?" बाईंनी बाटली दोन्ही हातांत घेतली.

शेवटी काहीतरी फुटले. टाळ्या पडल्या. बाटली फुटलेली सगळ्यांनी पाहिली. माझ्या पात्याच्या मुळाशी चीर गेली, हे फक्त मला कळले. आणि दुसऱ्या सकाळी लेफ्टनंट फेर्मिन ओयार्सो याला.

फेर्मिन माझे विमान उडवणार होता. त्याची आई रविवारी दक्षिणेतल्या बेटावरून बोटीने यायची होती, आणि तोवर जिवंत राहावे एवढीच त्याची इच्छा होती. त्याने चिरेवरून नख फिरवले आणि कर्नलना बोलावून आणले.

"साहेब, पंख्याला चीर गेलीय. जोरात फिरला की तुटणार हा."

"कधी गेली?"

"काल. बाटलीनं."

कर्नलनी चिरेकडे पाठ केली. "म्हणजे माझ्या बायकोनं विमान मोडलं, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही, साहेब."

"मग चीर नाही."

तर्क बिनतोड होता. मी स्वतः एकदा खात्री करून घेतली. चीर होती.

"मग निदान पॅराशूट तरी द्या, साहेब."

पॅराशूट होते, नवे कोरे. पण कोठारात, कुलपात. त्याचाही बाप्तिस्मा व्हायचा होता, आणि त्याआधी वापरणे अशुभ.

"रविवारी होईल," कर्नल म्हणाले. "तोवर कळ काढ."

विमानघराच्या दाराशी फेर्मिनचा दोस्त लेफ्टनंट किरोगा उभा होता. "ए फेर्मिन, आईला लवकर बोलावू का? तिच्या मांडीवर बसून उड!"

सगळे हसले. मित्रांनो, माणूस चिरेला घाबरतो, पण हसण्याला जास्त घाबरतो. फेर्मिनने टोपी घातली.

सरावाचा दिवस होता. वाळूत चादर अंथरली होती. तिला शत्रू समजून वरून तिच्यावर झेप घ्यायची होती. चादरीने आमचे काहीच वाकडे केले नव्हते. वर चढताना मी जपून फिरलो. झेप घेताना जपून फिरता येत नाही. पाते सुटले. उरलेल्या एका पात्यावर मी असे हिसके दिले की इंजिन जागेवरून उखडले, आणि आम्ही दोघे, मी आणि इंजिन, विमान सोडून वेगळे निघालो. विमानात फेर्मिन होता. पडता पडता तो हात मागे नेऊन पाठीवर काहीतरी चाचपत होता. पाठीवर काही नव्हते.

चादर सुखरूप राहिली.

चौकशी समिती बसली, जेवली, उठली. निष्कर्ष असा निघाला की बाटली पहिल्या ठोक्याला न फुटणे हा अपशकुन होता आणि त्यानेच अपघात झाला. उपाय: यापुढे पहिलाच ठोका जोरात मारावा.

रविवारी आई आली, ठरल्याप्रमाणे. पॅराशूटचा बाप्तिस्माही झाला, ठरल्याप्रमाणे. आईला थडगे दाखवले. मृतांच्या सणाला ती पुन्हा आली, तोवर माझे घड्याळ झाले होते. किरोगाने मला खाली काढून तिच्यासमोर धरले. तिने तुटक्या बाजूवरून हात फिरवला आणि एकदम मागे घेतला.

"काय टोचलं हे?"

"काच आहे, माय. बाप्तिस्म्याची. शुभ असते," किरोगा म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

आईने नखाने उकरून काच काढली आणि रुमालात बांधली. "मग मी नेते ही. त्याच्या वाट्याचं शुभ एवढंच उरलेलं दिसतंय."

मित्रांनो, लाकडाची काळजी घ्या. त्याला ओल लागू देऊ नका, तेल देत जा. त्याला चीर गेली आहे असे कोणी म्हणाले, तर आधी चीर बघा, मग ती कोणामुळे गेली ते. आणि बाटली फोडायचीच असेल, तर दगडावर फोडा. दगडाला वर जायचे नसते.

खिडकीतून आज एक नवे विमान दिसते आहे. त्याच्या नाकावर माझ्याच जातीचा पंखा आहे, गुळगुळीत, नुकताच कौतुक झालेला. शेजारी किरोगा उभा आहे; विमान त्याचे. बँडने धून धरली आहे. डोन्या क्लोतिल्देंनी बाह्या वर सारल्या आहेत.