काळं मांस

शवविच्छेदनाच्या खोलीत मोठं जनावर फाडायचं असलं की डॉक्टरीणबाईंचा मला निरोप येतो. मी खाटकीण, बावीस वर्षं हातात सुरी. बाईंचं शिक्षण मोठं, पण सांधा कुठे सुटतो ते मलाच विचारतात. त्या दिवशी टेबलावर डॉल्फिन होता आणि दाराशी माझा थोरला भाऊ.

जाळं त्याच्याच बोटीचं. दादाचं म्हणणं, डॉल्फिन आधीच मेलेला होता, तरंगत येऊन जाळ्यात अडकला. तसं ठरलं तर प्रश्न मिटला. जिवंतपणी अडकून मेला असं निघालं, तर बोटीचा परवाना कायमचा गेला. आईबापामागे दादानेच मला वाढवलं, त्याच बोटीच्या जिवावर. तो खोटं बोलेल असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

मी कातडी कापली, चरबी बाजूला केली. आतलं मांस काळंकुट्ट. मला तर हसूच फुटलं.

"लिहा बाई, चार दिवसांचं मेलंय. मांस इतकं काळं उगाच पडत नाही. माझ्या दुकानात असतं तर केव्हाच फेकलं असतं. दादा, जा घरी, पोटभर जेव."

दादाने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"शिळं नाही गं हे," बाई म्हणाल्या. "ताज्या डॉल्फिनचं मांस असंच असतं."

मग त्यांनी मला ढ पोरीला शिकवावं तसं शिकवलं. मांसात मायोग्लोबिन नावाचं लाल द्रव्य असतं, ते प्राणवायू धरून ठेवतं. डॉल्फिनच्या मांसात ते बैलापेक्षा कितीतरी पट जास्त, म्हणून रंग काळपट. बुडी मारली की तो नुसता छातीतल्या हवेवर जगत नाही, अंगातल्या मांसात बांधून नेलेली शिदोरी पुरवून पुरवून वापरतो.

"पण शिदोरीच ती, संपते," बाई म्हणाल्या. "आठ-दहा मिनिटांत वर यावंच लागतं. याला येता आलं नाही. जाळ्याचे हे वळ बघ, जिवंतपणीचे आहेत. आज सकाळीच मेलाय हा."

बावीस वर्षांची अक्कल चुलीत गेली, त्याचं काही नाही. पण दादा?

मी सुरी टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे वळले. तोच बोलला.

"जिवंत होता, ठमे. शेपूट आपटत होता. आपण लहानपणापासून ऐकतोच ना, डॉल्फिनचा दम मोठा. म्हटलं, राहील की अर्धा तास. जाळं भरत आलं होतं. एवढं भरू दे, मग दोर कापून सोडतो."

"आणि?"

"सोडायला गेलो तर हलेना."

त्याने मारायचं म्हणून मारलं असतं, तर मी निदान त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

बाईंनी कागद पुढे केला. त्यावर फाडणाऱ्याचंही म्हणणं लागतं. दादा हलक्या आवाजात म्हणाला, "चार दिवस म्हणालीस, तेच राहू दे ना गं."

या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तरी मी लिहिलं: मांस ताजं, आज सकाळचं.

दादाने ते वाचलं. मला वाटलं, आता हा तोंड फिरवून जाईल. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि बोटमालकाच्या रकान्यात लिहिलं, "वीस मिनिटं बघत उभा होतो."

मग मात्र मला रडू आवरलं नाही.