हवेशिवाय चौदा मैल

कांताबाईचं घोडं पेंड खात होतं ते सायकलीपाशी. नर्सचं शिक्षण झालं होतं, परीक्षा पास झाली होती, दोन वर्षं वॉर्डात आया म्हणून भांडी उचलली ती उचललीच. आता दारव्ह्याकडच्या अकरा गावांना फिरती नर्सबाई नेमायची होती आणि अर्जाच्या कागदावर शेवटी एक ओळ होती: उमेदवाराला सायकल चालवता आली पाहिजे.

"येते की मले," ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टर काही वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "बाई, इथं सगळेच म्हणतात येते. मागची बाई तीन दिवसांत रडत परत आली. तुम्ही असं करा, त्या सायकल क्लबाचा दाखला आणा. दारव्ह्याला जाऊन परत आल्याचा. महिनाअखेरपर्यंत आणला तर जागा तुमची, नाही तर दुसऱ्या बाईची."

झालं! आता दाखला म्हणजे पूनमसिंग मास्तर, आणि पूनमसिंग मास्तर म्हणजे दगडावरची रेघ. शाळेत कवायत शिकवायचे आणि रविवारी क्लबाला शिकवायचे. दिवाळी सरली की होळीपर्यंत दर रविवारी पहाटे क्लबाची मंडळी यवतमाळच्या बसस्टँडामागं गफ्फारचाचाच्या सायकलच्या दुकानापुढं जमायची. कानाला मफलर, तोंडातून वाफ, कॅरिअरला डबे. कुठं हुरडा, कुठं वांग्याचं भरीत आणि रोडगे, जेवणं झाली की गाणी, आणि येताना एकमेकांची टिंगल. बाहेरच्याला वाटायचं, यांचं काय, मजा आहे. पण मास्तरांची वही उघडली की मजा संपायची. सदस्य व्हायचं तर दारव्हा, तेही वर्षातून एकदाच. जायचं पंचवीस मैल, यायचं पंचवीस मैल. दिवेलागणीच्या आत दुकानापाशी हजर. थांबा, बसा, पाणी प्या, पण सायकल हातानं एक पाऊलही पुढं ढकलायची नाही आणि दुसऱ्याच्या कॅरिअरवर बसायचं नाही.

"बायांसाठी नियम वेगळा नाही करत मी," मास्तर म्हणाले.

"मी कुठं मागून राह्यली वेगळा?" कांताबाई म्हणाली.

बसस्टँडावर तिकिटं फाडणारा अमरसिंग क्लबातला मोठा चेष्टेखोर. तो लगेच म्हणाला, "मास्तर, डबा मात्र बाईचाच पाह्यजे बरं! भाकरी आपल्या बायकोपेक्षा बरी असन." सगळे हसले. कांताबाईही हसली, पण मनातून तिला असं झालं होतं की याच्या तोंडावर पंप मारावा.

सायकल तिनं गफ्फारचाचाची भाड्यानं घेतली होती. शिकली ती मैदानात, पहाटे अंधार असताना, कारण उजेड झाला की पोरं मागं धावायची. गुडघे फुटले, कोपर सोललं. सासू मथुराबाई रोज हळद लावायची आणि रोज ओरडायची. ओरडायची ती सुनेवर नव्हे, पोरांवर. मथुराबाईचा मुलगा, कांताबाईचा नवरा, तापानं गेला त्याला चार वर्षं झाली होती. नागपूरला दीक्षा घ्यायला तिघं मिळून गेले होते आणि त्याच सालच्या थंडीत तो गेला. तेव्हापासून या दोघीच. शेजारणी म्हणायच्या, विधवा बाई सायकलवर टांग टाकते, शोभतं का? मथुराबाई दारातूनच ऐकवायची, "तुमची नजर शोभते का थे पाहा आंधी!"

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी अकरा जण निघाले. कांताबाईनं लुगड्याचा काष्टा कसून घातला होता, वर नवऱ्याचा जुना स्वेटर. लोहारा मागं पडेपर्यंत ती सगळ्यांच्या बरोबर होती, मग हळूहळू मागं राहिली. तिच्या मागं फक्त गफ्फारचाचा. क्लबाची रीतच होती, पंप ज्याच्याकडं तो शेवटी. कोणी कितीही रेंगाळलं तरी पंपवाल्यानं पुढं जायचं नाही. साठीचा म्हातारा, पांढरी दाढी, बिडी विझलेली तरी तोंडात. "आराम से बेटी," तो मागून म्हणायचा, "दारव्हा कुठं पळून नाही जात."

जाताना उतार. यवतमाळ उंचावर, दारव्हा खाली. त्यामुळं साडेदहालाच पोचले. जेवायला एकाच सतरंजीवर बसायचं आणि सगळ्यांचे डबे मध्ये उघडायचे, ही आणखी एक रीत. कांताबाईचा डबा उघडला तसा क्षणभर एक-दोन हात थांबले. तिला ते दिसलं. असे थांबलेले हात तिनं जन्मभर पाहिले होते. पण पूनमसिंग मास्तरांनी पहिला घास तिच्याच भाकरीचा मोडला, ठेच्यात बुडवला आणि ठसका लागून लालबुंद झाले. "पाणी!" मास्तर ओरडले. मग जे हसणं सुरू झालं त्यात थांबलेले हातही डब्यात आले. अमरसिंगनं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि पुढचं बोलणं गिळलं.

परतीचा चढ मात्र काही हसायचा नव्हता. वारा समोरून. लाडखेड येईपर्यंत तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. बाकीचे दिसेनासे झाले. मास्तर तेवढे मध्ये थांबून थांबून मागं बघत होते. गफ्फारचाचा मागं राहिला होता, त्याची साखळी उतरली होती.

आणि तिथंच घात झाला. कुणाच्या तरी गाडीतून कुंपणासाठी नेलेल्या बाभळीच्या फांद्या रस्त्यावर पडल्या होत्या. कांताबाईला दिसल्या तेव्हा पुढचं चाक वर चढलंच होतं. ब्रेक दाबून तिनं उडी मारली. मागचं चाक वाचलं. पुढच्यात काटे, चांगले बोटभर लांब, सात.

हवा अजून गेली नव्हती. थोडी सूं सूं होत होती इतकंच. पण कांताबाई म्हणजे दवाखान्यातली बाई. काटा रुतलेला दिसला की तिच्या हाताला दम धरवत नाही. तळपायातले, बोटातले, लेकरांच्या ढुंगणातले, किती काटे काढले असतील तिनं! ती खाली बसली आणि एकेक करून सातही काटे उपटून टाकले, अगदी सफाईनं, टोक आत राहू न देता. सातवा निघाला तेव्हा चाक भाकरीसारखं चपटं झालं होतं.

गफ्फारचाचा आला आणि त्यानं कपाळावर हात मारला. "या अल्ला! काटे काहून काढले?"

"मंग काय तसेच ठेवू?"

"तसेच ठेवाचे असतेत! काटा आत राह्यला तं भोक बुजून राह्यते. मी दर मैलाले हवा भरत नेली असती तुले. आता सात भोकं, आन् माह्यापाशी पंक्चरच्या पट्ट्या दोन. आता कुठून आणू पाच?"

 इतकी वर्षं जे करून शाबासकी घेतली तेच आज नडलं. कांताबाईला स्वतःचा असा संताप आला की त्या काट्यांनी स्वतःलाच टोचून घ्यावं वाटलं.

मास्तर वळून आले. त्यांनी चाक पाहिलं, घड्याळ पाहिलं. दोन वाजत होते. "चौदा मैल राहिले," ते म्हणाले, आणि आवाज नेहमीसारखा कडक नव्हता. "संध्याकाळची आगगाडी मिळेल लाडखेडला. सायकल डब्यात टाकता येईल. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा या. वाईट वाटून घेऊ नका."

"पुढच्या हिवाळ्यात थे जागा राह्यते का, मास्तर?"

मास्तर पुन्हा चाकाकडं बघू लागले. 

तेवढ्यात समोरून कापसाची बैलगाडी आली, दारव्ह्याच्या जिनिंग कारखान्याला निघालेली, पांढरीशुभ्र, काठोकाठ भरलेली. कांताबाई तिच्याकडं बघत राहिली. वॉर्डात खोल जखम असली की ती आत बोळा भरायची, दाबून दाबून, कोपऱ्याकोपऱ्यात, पोकळी राहू न देता. हे तिच्याइतकं पक्कं कोणालाच जमत नसे. ती उठून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"दादा, थांबा! मले थोडा कापूस पाह्यजे."

गाडीवाल्याचं नाव उकंडा. त्यानं आधी बाईकडं पाहिलं, मग सायकलीकडं, मग पुन्हा बाईकडं. "कायले?"

"चाकात भराले."

"बाप्पा बाप्पा!" उकंडा म्हणाला. पण माणूस दिलदार. शेल्यात मावेल तेवढा कापूस त्यानं बांधून दिला, सरकीसकट, आणि बैल हाकायचं सोडून तमाशा बघायला बसला.

गफ्फारचाचानं लोखंडी पट्टीनं टायर एका बाजूनं उचकटला, ट्यूब काढून गळ्यात घातली. कांताबाई भरायला लागली. मूठ मूठ कापूस, अंगठ्यानं दाब, पट्टीच्या टोकानं कोंब, पुन्हा दाब. सरकी आत असल्यानं तो पुरता बसत नव्हता, हे बरंच झालं. अर्धा तास गेला. शेवटी टायर रिमवर चढवताना चाचाच्या आणि तिच्या दोघांच्याही हाताची सालं निघाली. तिनं वरून दाबून पाहिलं. टणक होतं.

"मास्तर," तिनं विचारलं, "टायरात हवाच पाह्यजे असं हाय का वहीत?"

पूनमसिंग मास्तरांनी खरंच वही काढली आणि पहिलं पान वाचलं. असा माणूस! "नाही," ते म्हणाले. "तसं लिहिलेलं नाही."

"मंग चला."

पहिला मैल बरा गेला. दुसऱ्या मैलाला चाक धाडधाड उडायला लागलं, कापूस एका जागी गोळा झाला. उतरून, टायर उचकटून, पुन्हा कोंबला. मग पुन्हा दीड मैलावर. मास्तर शेजारून सायकलवर चालले होते, एका हातात वही, डोळे तिच्या पायांवर. ती सायकल ढकलते का हे पाहायला थांबले होते म्हणा, की दुसरं काही, कोण जाणे. मदतीला त्यांनी बोट लावलं नाही आणि तिनंही मागितलं नाही. चाचा मागून ओरडायचा, "दम खा, बेटी, दम खा!" तिसऱ्यांदा भरून झाला तेव्हा शेल्यातला कापूस संपला.

मग बाहेर निघालेला कापूस वेचत, स्वेटरची बाही फाडून तीही आत कोंबत, ती जात राहिली. हँडलचे दणके खांद्यापर्यंत यायचे. हात बधिर. सूर्य खाली खाली चालला होता आणि तो थांबवायचा काही इलाज नव्हता. लोहाऱ्याच्या अलीकडच्या चढाला शेवटचं बुचकं बाहेर पडलं आणि टायर रिमवर मोकळा फिरू लागला. खडखड, खडखड. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले.

"बाई, उतरा," मास्तर पहिल्यांदाच काकुळतीला येऊन म्हणाले. "सूर्य गेला. आता पोचूनही उपयोग नाही. नियमात बसणार नाही हे."

"नसन बसत," ती म्हणाली. दातओठ खाऊन तिनं पायडल दाबलं. "मी तं बसली हाय ना सायकलवर!"

दुकानापाशी ती पोचली तेव्हा कंदील लागून बराच वेळ झाला होता. बाकीची मंडळी घरी गेली नव्हती. अमरसिंग धावत आला, सायकल धरली, आणि चहाचा कप तिच्या हातात दिला. तिनं कप दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा केला.

मास्तर म्हणाले, "पाऊण तास उशीर. सदस्य म्हणून मी नाव लिहू शकत नाही."

"अरे मास्तर, अल्लाले तरी भिऊन राहा!" गफ्फारचाचा कळवळून म्हणाला. सगळेच गलका करू लागले.

कांताबाईनं हात वर केला. "राहू द्या, चाचा. नियम हाय तं हाय. मास्तर, खोटं एक अक्षर लिहू नका. जे झालं थे लिहून द्या फक्त. काटे मीनं काढले, थेही लिहा."

मास्तर कंदिलाखाली बसले आणि लिहू लागले. दोन ओळींचा दाखला पानभर झाला. लिहून झाल्यावर त्यांनी खाली सही ठोकली.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं. "म्हणजे क्लबानं तुम्हाला नापास केलं."

"हो, साहेब."

"आणि चौदा मैल हवा नसलेल्या चाकावर आलात. ढकलत का नाही आणली सायकल? नाही तरी उशीर झालाच होता."

"ढकलत आणली असती, साहेब," कांताबाई म्हणाली, "तं मले चालवता येते का नाही, हे तुमाले कसं समजलं असतं?"

डॉक्टरनं खालचा खण उघडला, नेमणुकीचा कागद काढला आणि तिचं पूर्ण नाव विचारलं.

घरी आली तर मथुराबाई चुलीपाशी. सुनेचा चेहरा पाहून तिला कळलं, तरी तिनं विचारलं, "किती गावं?"

"अकरा."

"बस अथी. पाय इकडं कर." म्हातारीनं तेलाची वाटी चुलीवर धरून गरम केली आणि कांताबाईचे दोन्ही पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले.

कांताबाई दचकली. कुठं सासू सुनेच्या पायाला हात लावते? ती पाय ओढू लागली. "आत्याबाई, अवो हे काय करता? लोकं काय म्हणतीन?"

"गुमान बस," मथुराबाई म्हणाली आणि पोटरीत अंगठा रुतवून तेल चोळू लागली. "अकरा गावच्या बाया या पायायची वाट पाहून राह्यल्या. तुह्या एकटीचे नाहीत हे आता."

कालपासून दाबून धरलेलं रडू कांताबाईला तेव्हा आलं. तिनं पाय तिथंच राहू दिले.