मिस लिंडेल यांचं धुकं

“लेटी, कठड्यावर वाळत घातलेलं माझं कापड कुठं गेलं?”

मिस लिंडेल धक्क्यावर धावतच आल्या. मी नुकतीच शाळेतून सुटले होते, आणि ते कुठं गेलं हे मला ठाऊक होतं!

मिस लिंडेल आमच्या बंदरात एका जुन्या होडीवर राहतात आणि चित्रं काढतात. चित्रात ना होडी, ना माणूस. नुसते पट्टे आणि गोल. त्या कापडावरच्या चित्रासाठी तर त्या सबंध हिवाळा धुकं बघत बसल्या होत्या. उद्याच्या गाडीनं ते न्यूयॉर्कला प्रदर्शनाला निघणार होतं. कित्येक वर्षांनी कुणीतरी बोलावलं होतं त्यांना.

आणि पहाटे बाबा आईला म्हणाले होते, “बाईंनी उरलेसुरले रंग फासून झकास कापड केलंय. आपल्या होडीतल्या माशांच्या खणाचं झाकण फाटलंय, आजच्यापुरतं घेतो. संध्याकाळी सांगू त्यांना.”

आमच्याकडे कापडाला रंग देतात तो पाणी आत येऊ नये म्हणून. दुसरं कशाला देणार?

मी सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात ईशान्येकडून वादळी वारा सुटला. एकेक होडी परतली. बाबांची नाही.

शेजारच्या हल्डा काकू फणकारल्या, “रेघोट्या गेल्या म्हणून तोंड पांढरं पडलंय होय, बाई? इथं माणूस बाहेर अडकलाय!”

“एक कोपरा कोरा आहे,” मिस लिंडेल पुटपुटल्या. “धुकं दाट होतं ना, तिथं मी रंगच दिला नाही. तिथून पाणी झिरपेल, हल्डा. खण भरेल, होडी बुडेल.”

काकू येऊन बाईंच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी मिस लिंडेल यांचा हात घट्ट धरला.

अंधारता अंधारता होडी दिसली. पाण्यात खोल बसलेली, पण येत होती!

“झाकणानं वाचवलं गं!” बाबा लांबूनच ओरडले. “एका कोपऱ्यातून गळायला लागलं, तिथं हातानंच डांबर फासलं—” मग त्यांना मिस लिंडेल यांचा चेहरा दिसला, आणि मी हळूच सांगितलं, ते काय होतं.

मिस लिंडेल होडीवर चढल्या. डांबरात बाबांची पाचही बोटं उमटली होती. त्यांनी वाकून ती नीट पाहिली.

“कापडाचे खिळे काढतो, बाई,” बाबा कसेबसे म्हणाले.

“राहू द्या. उद्याही वारा हाच असणार.”

बाबांनी टोपी काढली. पाऊस लागला, तरी परत घातली नाही.